पहिला वर्ग हातात आल्यावर : नाशिकच्या नव्या शिक्षकांसाठी

डी.एल.एड. किंवा बी.एड.च्या सरावपाठांना पोरं शहाण्यासारखी बसली होती, कारण मागच्या बाकावर वही उघडून निरीक्षक बसले होते. शिवाय वर्ग दुसऱ्याच कुणाचा तरी होता. तास संपला की तुम्ही जाणार, हे तुम्हालाही माहीत होतं आणि पोरांनाही. जूनमध्ये पट तुमच्या नावावर येतो तेव्हा मागच्या बाकावर वर्गातला सगळ्यात उंच मुलगा बसलेला असतो. आता परीक्षा तो घेणार असतो.

मी सातपूरच्या कामगारवस्तीत आणि नंतर दिंडोरी तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत मिळून २२ वर्षं शिकवलं. नवीन कुणी रुजू झालं की आठवड्याभरात विचारायचं, "बाई, वर्ग गप्प कसा ठेवायचा?" माझं उत्तर सहसा कुणाला आवडायचं नाही. गप्प ठेवायचं मागाहून बघू. रोज प्रत्येक पोराला निदान एक गोष्ट बरोबर जमली पाहिजे, तेवढं आधी बघा. ज्या बाईंच्या तासाला आपल्याला काहीतरी येतं, त्या बाईंचं पोरं ऐकतात. प्रेमळपणा हवाच, पण नुसत्या प्रेमळ बाईंच्या वर्गात दिवाळीनंतर बाजार भरतो, आणि नुसत्या कडक सरांच्या वर्गात पोरं पाठ फिरली की भरवतात.

खाली जे लिहिलंय ते वर्षाच्या क्रमानं आहे.

शाळा उघडण्याआधी

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्याआधी चार दिवस जा आणि मागच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांना गाठा. "त्रास देणारी कोण?" हे विचारूच नका. न विचारताही ते सांगतील. ऐकून घ्या, पण लिहून ठेवू नका. विचारायचं ते हे: कोण कुठवर वाचतं? हातच्याची वजाबाकी कुणाला येते, कुणाची अडते? कोण जवळ बसलं तर बोलतं? कुणाला लांबचं दिसत नाही? शेवटचा प्रश्न विसरू नका. दोन वर्षं 'ढ' म्हणून बसवलेल्या एका मुलीला नुसता चष्मा हवा होता, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

मग वस्तीतून एक चक्कर मारा. सातपूर, अंबड, सिडकोच्या खोल्यांमध्ये वडील तिसऱ्या पाळीहून येऊन दिवसा झोपलेले असतात. एकच खोली असते, त्यामुळे पोरानं मोठ्यानं पाढे म्हणायचे कुठे? दिंडोरी-निफाडकडे घरं गावात कमी आणि मळ्यात जास्त. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर शाळा आणि घर यांच्यामध्ये एखादा ओहोळ असतो, आणि जुलैत तो ओहोळ राहत नाही. हे डोळ्यांनी बघितलं की "काल का आला नाहीस?" हा प्रश्न तोच राहतो, आवाज मात्र बदलतो.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी दारात उभे राहा. हजेरी घेताना पटाकडे कमी, तोंडाकडे जास्त बघा. आठ दिवसांत सगळी नावं पाठ झालीच पाहिजेत. घरी ज्या नावानं हाक मारतात ते नाव वेगळं असेल तर तेही विचारा, पण वर्गात ते वापरायचं की नाही हे पोराला ठरवू द्या.

नियमांचा मोठा तक्ता लावू नका. दहा नियमांचा तक्ता फक्त तपासणीला आलेले साहेब वाचतात. माझे दोनच नियम असायचे. एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात. आणि कुणाच्या चुकीला हसायचं नाही.

नियम सांगून येत नाहीत, ते पाढ्यांसारखे घोटावे लागतात. आत येऊन दप्तर कुठे ठेवायचं, बाईंनी हात वर केला की काय करायचं, पाणी प्यायला कसं विचारायचं, हे पहिल्या आठवड्यात चक्क पाठासारखं शिकवा आणि चार-पाच वेळा करून घ्या. वेळ वाया जातोय असं वाटेल. वाटू द्या.

दुसरा नियम मोडणारी पहिली व्यक्ती मीच होते. नोकरीचं तिसरं वर्ष. बागलाणकडून नुकताच आलेला एक मुलगा 'माझे गाव' निबंध वाचत होता. त्यानं वाचलं, "माझं गाव खूप लांब शे." 'शे' म्हणजे अहिराणीतलं 'आहे'. मला हसू आलं. त्यात कुत्सितपणा काही नव्हता, उलट गोडच वाटलं होतं. पण बाई हसल्या म्हटल्यावर चाळीस पोरं हसली, आणि तो मुलगा दिवाळीपर्यंत वर्गात आपणहून एक शब्द बोलला नाही. मी त्याची माफी मागितली ती एकट्यात. हसले होते सगळ्यांसमोर, तर मागायलाही सगळ्यांसमोर हवी होती. ती अक्कल दिवाळीनंतर आली.

वर्गात किती भाषा आहेत ते मोजा

हा भाग घाईनं वाचू नका, कारण नाशिक जिल्ह्यात वर्ग मिळाला म्हणजे हा प्रश्न मिळालाच. बागलाण, मालेगाव, देवळा, कळवणकडची पोरं अहिराणी बोलत येतात. सुरगाणा-पेठेत कोकणा बोलली जाते. मालेगावात आणि जुन्या नाशकात घरी उर्दू असते, आणि एमआयडीसीच्या आसपास बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांत हिंदी किंवा भोजपुरी. पाठ्यपुस्तकातली मराठी यांतल्या कुणाच्याच घरी बोलत नाहीत. तशी ती कॉलेजरोडवरही कुणी बोलत नाही म्हणा.

'शे' म्हणणाऱ्या पोराला मराठी येत नाही असं नसतं. त्याच्याकडे एक भाषा पक्की आहे आणि दुसरी तो तिच्या आधारानं शिकतोय. तो आधार काढून घेतला तर तो गप्प होतो, आणि गप्प पोराला काहीच शिकवता येत नाही. म्हणून मी पुढे काय करायला लागले ते सांगते.

भिंतीवर मोठा कागद लावायचा, दोन रकाने आखायचे. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. 'शे – आहे', 'आंडोर – मुलगा', 'आंडेर – मुलगी'. शब्द पोरांनी आणायचे आणि बाईंनी शिकायचे. त्या मुलाला मी हा कागद सांभाळायला दिला. पहिला आठवडा त्यानं फक्त लिहिलं. मग एकदा माझा उच्चार चुकला आणि त्यानं तो सुधारला, सगळ्यांच्या समोर, मोठ्या आवाजात. त्या दिवसापासून तो बोलायला लागला.

तोंडी उत्तर घरच्या भाषेत आलं तरी आधी उत्तर बरोबर आहे का ते बघा. बरोबर असेल तर "बरोबर!" म्हणा आणि तेच वाक्य पुस्तकी मराठीत आपण सहज म्हणून पुढे जा. "असं नाही म्हणायचं" हे वाक्य टाळा. लिहिताना मात्र पुस्तकाची भाषा मागा, कारण परीक्षा त्याच भाषेत होणार आहे.

शब्दांची गंमत मोठ्यांशी बोलतानाही लक्षात ठेवा. अंबडला एक पालक मला काकुळतीनं म्हणाले, "मॅडम, मेरे बच्चे को अच्छी शिक्षा मिलनी चाहिए." बाजूला उभा असलेला मुलगा मराठी शाळेतला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एक तास कसा घ्यायचा

३५ मिनिटांचा तास धरू. यांतली बोलण्याची १० मिनिटं तुमची, बाकीची पोरांची. नवा शिक्षक नेमकं उलट करतो, मीही केलं. घसा बसला की चूक कळते.

सुरुवातीची ५ मिनिटं कालच्या दोन प्रश्नांना द्या. उत्तर पाटीवर लिहायचं आणि खूण केली की सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. पाटी ही जुनाट वस्तू समजू नका. "कुणाला समजलं?" विचारलं तर तेच पाच हात वर येतात. पाट्या वर झाल्या की चाळीस उत्तरं एका नजरेत दिसतात, आणि आज नवीन सुरू करायचं की कालचंच परत घ्यायचं हे तिथल्या तिथे ठरतं. शिवाय चुकलेलं उत्तर पुसून जातं. वहीत लाल फुली राहते, पाटीवर काही राहत नाही.

नवीन गोष्ट सांगताना हाताशी वस्तू ठेवा आणि गणितं आपल्या मुलखातली घ्या. निफाडकडच्या पोराला 'एका बागेत २४ संत्री' हे गणित परकं वाटतं. त्यालाच विचारा: ट्रॅक्टरमध्ये ३२ क्विंटल कांदा, भाव १,४५० रुपये, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती? गुणाकारात कच्ची समजलेली पोरं यात पुढे येतात, कारण लिलावाहून परत येताना बापाच्या तोंडून हा हिशेब त्यांनी ऐकलेला असतो. मात्र भाव पडलेले असतील त्या आठवड्यात हे गणित घेऊ नका.

प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रोव नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गातली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात आणि लगेच दुसऱ्याकडे वळतात किंवा उत्तर स्वतःच देतात, असं तिला दिसलं. तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी न बोलणारी पोरंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्गापुढे उभं राहून ते काढणं कठीण जातं. मी मनातल्या मनात 'एक गोदावरी, दोन गोदावरी, तीन गोदावरी' म्हणायचे.

पुढची १५ मिनिटं जोड्यांनी काम. जोडी लावताना हुशार-कच्चा अशी जोडी कायमची बांधू नका. हुशार पोर कंटाळतं आणि कच्च्याला नक्कल करायची सवय लागते. दर पंधरवड्याला जोड्या बदला. शेवटची ५ मिनिटं चिठ्ठीसाठी: आज काय कळलं ते एका ओळीत, काय अडलं ते दुसऱ्या ओळीत. नाव लिहायची सक्ती नाही. उद्याचं टाचण या चिठ्ठ्यांवरून काढा, निम्मा वेळ वाचतो.

पत्र्याच्या खोलीत शिकवत असाल तर आणखी एक. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात पत्रा वाजायला लागला की तुमचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही जात नाही. ओरडू नका. अशा वेळेसाठी चित्रं, नकाशे, मूकवाचनाच्या पट्ट्या यांची एक पिशवी जूनमध्येच भरून ठेवा. जानेवारीत निफाडला पारा एक आकडी होतो, तेव्हा पहिला तास सरळ उन्हात घ्या.

चूक काय सांगते

वही तपासताना फुली मारण्याआधी विचारा, "हे कसं काढलंस?" मराठी अंकांचंच घ्या. 'त्रेपन्न' ऐकून पोर ३५ लिहितं. ते ढ नाही, त्यानं कान देऊन ऐकलंय: आधी तीन आलं, मग पन्नास, म्हणून तीन आधी लिहिलं. 'एकोणचाळीस' ऐकून ४९ लिहिणाऱ्यालाही चाळीस स्पष्ट ऐकू आलेलं असतं. 'एकोण' म्हणजे एक उणा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा वाद झाला! मराठी बुडाली म्हणून लोक ओरडत होते. त्यांतल्या कुणी पहिली-दुसरीला शिकवलं असेल असं मला वाटत नाही. दोन्ही वाचनं शेजारी शेजारी ठेवा, पोरं महिन्याभरात जुन्या नावांवर आपणहून येतात.

चूक अशी उलगडून दाखवली की पोराला कळतं, आपण मूर्ख नाही, आपला रस्ता कुठेतरी वळला. बाईंशी जवळीक तिथून सुरू होते.

रागावण्याबद्दल

शिक्षण हक्क कायदा २००९, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे. छडी सोडाच, "तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत का?" हेही त्यात आलं. अंगठे धरायला लावणं, दिवसभर दाराबाहेर उभं करणं, जातीवरून किंवा घरावरून बोलणं, सगळंच. "आम्ही मार खाऊनच शिकलो" असं सांगणारे वडीलधारे सहकारी भेटतील. वाद घालू नका, हात मात्र खाली ठेवा.

मग करायचं काय? आवाज चढवण्याऐवजी उतरवा आणि त्या बाकाजवळ जाऊन उभे राहा. निम्म्या गोष्टी तेवढ्यानं मिटतात. उरलेल्या सुट्टीत एकट्यात बोला: काय झालं, कुणाला लागलं, आता नीट कसं करशील? शाई सांडली तर पुसायची, वही फाडली तर चिकटवून द्यायची. झालं की विषय संपला. दुसऱ्या दिवशी तो उकरायचा नाही.

सगळ्यात अवघड पोरासाठी माझा एक उपाय आहे. दहा दिवस, रोज दोन मिनिटं, अभ्यास सोडून कशावरही त्याच्याशी बोलायचं. शेळी व्याली का, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारली का, गोदेला पूर आला तेव्हा दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी होतं? पहिले चार दिवस तो "हां", "नाही" एवढंच म्हणतो. पाचव्या-सहाव्या दिवशी बोलता होतो. हे हुकमी औषध नाही, दोघांच्या बाबतीत मला काहीच जमलं नाही. पण बाकीच्यांच्या बाबतीत जमलं.

खिचडीची वेळ

पोषण आहाराच्या वेळी स्टाफरूममध्ये जाऊ नका. निदान आठवड्यातून दोनदा पंगतीला बसा. कोण दोनदा मागून घेतं, कोण डब्यात भरून धाकट्यासाठी नेतं, कोण एकटं बसतं, हे वर्गात दिसत नाही. आणि आहार शिजवणाऱ्या ताईंशी ओळख ठेवा. त्या त्याच वस्तीतल्या असतात, कुणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं.

घरची माणसं

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नसावा. जून-जुलैत प्रत्येक घरी एक बरी बातमी कळवा: "आज तिनं नकाशात गंगापूर धरण बरोबर दाखवलं." शाळेचा फोन म्हणजे काहीतरी बिघडलंय, असाच लोकांचा अनुभव असतो. ही एक बातमी दिलेली असली की पुढे अवघड गोष्ट सांगताना समोरचा माणूस ऐकून घेतो.

पालकसभेची वेळ त्यांच्या पाळ्या बघून ठरवा. दुपारी तीनला बोलावून "बाप कधी येतच नाहीत" म्हणण्यात अर्थ नाही, त्या वेळी ते दुसऱ्या पाळीला गेटमधून आत जात असतात. गुण सगळ्यांसमोर वाचू नका, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. रात्री आठनंतर उत्तर द्यायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. नुसत्या सह्या घेण्यापुरती ती ठेवू नका. ओहोळावर साकव हवा असेल तर तुमच्या अर्जापेक्षा तिच्या ठरावाला वजन असतं.

द्राक्षाचा हंगाम हा स्वतंत्र विषय आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून एप्रिलपर्यंत पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला उतरतात. तुम्ही वरच्या तालुक्यात असाल तर पट रिकामा होतो, खाली असाल तर बागेच्या कडेला शाळेबाहेरची पोरं दिसायला लागतात. निघालेल्या पोराला शिक्षण हमी कार्ड (जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखवायला) द्या आणि सोबत त्याच्या वहीत दोन ओळी लिहा, कुठवर शिकून झालंय ते. आलेल्या पोराला कागद पूर्ण होईपर्यंत थांबवू नका, बसवून घ्या. दोन महिन्यांसाठी आलेल्या पोराचं नावही आठवड्यात पाठ व्हायला हवं.

हाताबाहेरच्या गोष्टी

पोरं विश्वासानं कधीतरी असं काही सांगतात की पोटात गोळा येतो. शांत राहून ऐका, खोदून प्रश्न विचारू नका. आणि "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, शाळेचं नाव जाईल म्हणून ते टाळता येत नाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८. वर्गात पोरांना दिसेल असा लिहून ठेवा.

कागद, बैठका आणि तुम्ही

टाचण, नोंदी, पोर्टलवरची माहिती यातून सुटका नाही. रोज अर्धा तास ठरवून घ्या, शनिवारवर ढकलू नका. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला कंटाळून जाऊ नका. चहाच्या वेळी शेजारच्या शाळेतल्या कुणाला तरी विचारा, "भागाकार तुम्ही कसा घेता?" माझी अर्धी शिकवणी अशा चहांवर झाली. आणि शाळेतला एखादा जुना सहकारी निवडून महिन्यातून एकदा त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा, त्यांनाही तुमच्या तासाला बोलवा.

एप्रिलअखेर पट दुसऱ्याच्या नावावर जातो. त्याआधी पानभर लिहून ठेवा: कोण कुठवर वाचतं, कुणाला घरच्या भाषेत विचारलं की उत्तर येतं, कुणाला पहिल्या बाकावर बसवायचं, कुणाचे वडील फक्त रविवारी फोनवर भेटतात. खोडकर कोण, ते लिहू नका.